अ‍ॅपला झोपवणारा फोन आणि अडकलेल्या नोट्स

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोबाइलवर लिहिलेली नोट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसत नाही, भावाच्या फोनवर पोहोचत नाही, ही तक्रार आता नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांपासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत सर्रास ऐकू येते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : ‘अ‍ॅप काढा आणि पुन्हा टाका.’ यासारखा घातक सल्ला नाही. न पोहोचलेली नोट बहुतेक वेळा फोनमध्ये जशीच्या तशी पडून असते. अ‍ॅप काढले की तीही त्याच क्षणी जाते आणि मग ती कोणालाच परत आणता येत नाही. सेटिंगमधल्या ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ या बटणाचेही तेच. ‘क्लिअर कॅशे’ने सहसा काही बिघडत नाही, पण ही बटणे शेजारी-शेजारी असतात आणि घाईत बोट कुठे पडेल याचा नेम नसतो.

मुळात नोट लिहिल्यावर दोन वेगळी कामे होतात. पहिले, फोनच्या स्वतःच्या मेमरीत ती साठवणे. हे लगेच होते, त्याला नेटवर्क लागत नाही. दुसरे, ती नोट कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणे आणि तिथून तुमच्या बाकीच्या उपकरणांवर उतरवणे. हे दुसरे काम म्हणजे सिंक. अ‍ॅप स्क्रीनवर उघडे असेल तर ते काही सेकंदांत उरकते. अ‍ॅप बंद करून फोन खिशात गेला की मात्र ते काम अ‍ॅपच्या हातात राहत नाही. कधी आणि किती वेळ करायचे हे फोन ठरवतो. इथेच सगळे अडते.

२०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ नावाची सोय आली. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि फोन काही काळ एका जागी पडून असेल, तर बॅकग्राउंडमधल्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या, अ‍ॅपचे नेटवर्क तोडले जाते. अधूनमधून थोडा वेळ दार उघडते, तेवढ्यात सगळ्या अ‍ॅपनी आपली कामे उरकायची. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितके हे दार उघडण्यातले अंतर वाढत जाते. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये याचा सौम्य प्रकार आला, तो खिशात हलत असलेल्या फोनलाही लागू होतो. अँड्रॉइड ९ ने आणखी एक पायरी गाठली. अ‍ॅप तुम्ही किती वापरता यावरून त्याची प्रतवारी सुरू झाली. रोजच्या अ‍ॅपला मोकळीक, कधीतरी उघडणाऱ्या अ‍ॅपला चाप. त्या वेळच्या नियमात बॅकग्राउंडचे काम प्रतवारीनुसार २ तास, ८ तास, अगदी २४ तासांपर्यंतही मागे ढकलता येत होते. अँड्रॉइड १२ पासून ‘रिस्ट्रिक्टेड’ ही आणखी खालची प्रत आहे. तिथे गेलेल्या अ‍ॅपला दिवसातून एकदाच संधी मिळते. थोडक्यात, आठवड्यातून एकदा हिशेब लिहिण्यासाठी उघडले जाणारे नोट्सचे अ‍ॅप फोनच्या लेखी बिनकामाचे ठरते, मग तुमच्या लेखी ते कितीही महत्त्वाचे असो.

यावर नेहमीचा प्रश्न येतो : ‘मग व्हॉट्सअ‍ॅप बरे लगेच येते?’ प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश बाहेरून येतो. सर्व्हर गुगलच्या मार्फत तातडीची सूचना पाठवतो आणि तिला डोझमधल्या फोनलाही जागे करण्याची मुभा आहे. तुमची नोट आतून बाहेर जायची असते. ती फोनमध्ये वाट पाहत बसली आहे हे बाहेर कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे फोनला उठवणारे कोणी नाही. म्हणून बाहेरून आलेले बदल लवकर दिसतात आणि आपले लिहिलेले अडकते. शिवाय बऱ्याच कंपन्या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या लोकप्रिय अ‍ॅपना आधीच सूट देऊन ठेवतात, ते वेगळेच.

नेटवर्क अजिबात नसण्यापेक्षा अर्धवट नेटवर्क जास्त त्रास देते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसचे उदाहरण घ्या. इगतपुरी सोडले की कसाऱ्यापर्यंत बोगदे आणि घाट. बोगद्यात रेंज शून्य असेल तर नीट लिहिलेले अ‍ॅप शांतपणे थांबते, कारण ‘नेटवर्क आल्यावरच पाठव’ अशी अट त्याने सिस्टिमला घालून दिलेली असते. पण एखादी काडी दिसत असेल तर फोन समजतो की नेट आहे. अ‍ॅप पाठवायला जाते, अर्ध्यात तुटते आणि प्रयत्न फसल्याची नोंद होते. अँड्रॉइडवर अशी कामे सोपवण्याची जी प्रचलित पद्धत आहे, तिच्यात मूळ सेटिंग असे : पहिला प्रयत्न फसला तर ३० सेकंदांनी दुसरा, मग १ मिनिटाने, मग २, मग ४, असे अंतर दुप्पट होत जाते. कमाल मर्यादा ५ तासांची. घाटात चार-सहा प्रयत्न फसले, गाडी कल्याणला येऊन रेंज पूर्ण भरली, तरी अ‍ॅप आपली पाळी येण्याची वाट बघत बसते. त्यावर डोझची भर पडली की ठाण्याला उतरून ऑफिस गाठले तरी कॉम्प्युटरवर सकाळची नोट नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल भागात तर दिवसभर हीच अवस्था. उपाय साधा आहे. चांगल्या रेंजमध्ये आलात की अ‍ॅप एकदा उघडा आणि दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवा. बहुतेक अ‍ॅप उघडताक्षणी रांग बाजूला ठेवून थेट सिंक करतात. काहींमध्ये यादी बोटाने खाली ओढली की सिंक सुरू होते.

बॅकग्राउंडमध्ये नियमाने ठरावीक वेळाने सिंक करायचे म्हटले तरी याच पद्धतीत दोन पाळ्यांमधले किमान अंतर १५ मिनिटे आहे. म्हणजे सगळे सुरळीत असतानाही ‘लगेच’ची हमी नाहीच.

आता आपल्या सवयीकडे. चौकोनाचे बटण दाबायचे आणि सगळी अ‍ॅप वर सरकवून ‘साफ’ करायची, फोन हलका होतो म्हणून. मोबाइलच्या दुकानांतही हेच शिकवले जाते. साध्या अँड्रॉइडवर एवढ्याने फारसे बिघडत नाही, कारण यादीतून अ‍ॅप काढले तरी ठरलेली कामे शिल्लक राहतात. पण आपल्याकडे जास्त खपणाऱ्या अनेक फोनमध्ये कंपनीने स्वतःचा बॅटरी वाचवण्याचा कारभार वर चढवलेला असतो आणि तिथे सरकवलेले अ‍ॅप पुरतेच मारले जाते. सेटिंगमधले ‘फोर्स स्टॉप’ तर सगळ्याच अँड्रॉइड फोनवर तसेच आहे. ते दाबल्यावर तुम्ही स्वतः अ‍ॅप उघडेपर्यंत त्याचे एकही काम चालत नाही. ‘रॅम क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची अ‍ॅप दिवसातून दहा वेळा हाच उद्योग करतात. ती आजच काढून टाकावीत. त्यांचा काडीचा उपयोग नाही.

सेटिंग कुठे सापडते ते सांगतो. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा फोन असेल तर नोट्सच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ‘अ‍ॅप इन्फो’ उघडा, ‘बॅटरी’मध्ये जा आणि ‘ऑप्टिमाइज्ड’ऐवजी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. त्याच पानावर ‘मोबाइल डेटा’मध्ये ‘बॅकग्राउंड डेटा’ चालू आहे ना ते बघा. डेटा सेव्हर वापरत असाल तर ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा युसेज’ही चालू करा. शाओमी, रेडमी, पोको घेतलेल्यांनी याखेरीज ‘ऑटोस्टार्ट’ चालू करून बॅटरी सेव्हरमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ ठेवावे. ओप्पो आणि रिअलमीवर ‘ऑटो लाँच’ आणि ‘अलाउ बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी’ अशी दोन वेगळी बटणे असतात, दोन्ही लागतात. विवोवर बॅटरीच्या पानात बॅकग्राउंडच्या वीजवापराची यादी असते, तिच्यात परवानगी द्यावी लागते. सॅमसंगवर बॅटरीमध्ये ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’ उघडा. अ‍ॅप ‘डीप स्लीपिंग’च्या यादीत असेल तर ते बॅकग्राउंडमध्ये कधीच चालत नाही, तिथून काढून ‘नेव्हर स्लीपिंग’मध्ये घाला. मॉडेलनुसार शब्द थोडे बदलतात, जागा साधारण हीच. फोनचे मोठे अपडेट आल्यानंतर हे सगळे एकदा पुन्हा तपासावे, कारण काही फोनमध्ये सेटिंग मूळपदावर येते. आणि ही सूट फक्त नोट्सच्या अ‍ॅपला द्या. सगळ्यांना दिलीत तर दुपारपर्यंत बॅटरी खाली बसेल आणि दोष या पत्राला लागेल.

आयफोनवर नियम वेगळे आहेत. २०१३ च्या आयओएस ७ पासून ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ आहे. सेटिंग्ज, मग जनरल, तिथे ते आणि त्याखाली त्या अ‍ॅपचे बटण, दोन्ही चालू हवीत. बॅटरीचे चिन्ह पिवळे दिसत असेल तर लो पॉवर मोड चालू आहे आणि तोवर हे रिफ्रेश बंद. अ‍ॅप वर सरकवून फेकले तर पुन्हा उघडेपर्यंत तेही थांबते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या नोट्समध्ये आणखी एक खाच आहे : ‘ऑन माय आयफोन’ या फोल्डरमध्ये लिहिलेली नोट कधीच सिंक होत नाही. ती आयक्लाउडच्या फोल्डरमध्ये हलवावी लागते.

कधीकधी बॅटरीची सेटिंग बरोबर असते आणि घोडे दुसरीकडेच पेंड खात असते. फोनमध्ये दोन जीमेल खाती, एक स्वतःचे, एक दुकानाचे. नोट एका खात्यात आणि कॉम्प्युटरवर उघडलेले दुसरेच. गुगल कीपमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबले की कोणते खाते आहे ते कळते. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी आहे, ती फोटोंनी भरली की नोट्सही थांबतात. वनड्राइव्हवर वननोट ठेवणाऱ्यांनाही मोफत मर्यादा ५ जीबीचीच. खात्याचा पासवर्ड बदलल्यावर जुन्या फोनवर पुन्हा लॉगिन करायचे राहून जाते आणि तो फोन महिनोन्‌महिने मुकाट्याने एकटाच लिहीत राहतो.

‘डेटा खातो’ म्हणून सिंक फक्त वायफायवर ठेवणारेही पुष्कळ. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे भरगच्च पान धरले तरी ६ केबी, म्हणजे डेटा पॅकच्या हिशेबात काहीच नाही. फोनने काढलेला एक फोटो ४ एमबीचा असेल तर तो अशा साडेसहाशे पानांएवढा. तेव्हा मजकूर मोबाइल डेटावर बिनधास्त जाऊ द्यावा. पावत्यांचे, पानावरच्या रोगाचे, मशीनच्या बिघडलेल्या पार्टचे फोटो नोटमध्ये जोडत असाल तर मात्र ते जायला वेळ लागणार हे धरून चाला. मजकूर पोहोचला आणि फोटोच्या जागी करडा चौकोन दिसतो, ते याच कारणाने.

द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. निर्यातीच्या मालाला फवारणीची नोंद लागते : तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी किती, काढणीपर्यंत किती दिवस उरले. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर बागेची नोंदणी असली की रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासणीच्या वेळी या नोंदीला महत्त्व येते. पीएचआयचे, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या किमान अंतराचे, दिवस मोजायचे तर तारीख इकडची तिकडे होऊन चालत नाही. गोडी छाटणीनंतर पाऊस आला की फवारण्या पाठोपाठ येतात आणि घरातले दोघे-तिघे एकाच ‘फवारणी’ नावाच्या नोटमध्ये लिहितात. चूक इथे होते. एकाने बागेत रेंज नसताना प्लॉट दोनची नोंद केली, दुसऱ्याने घरी बसून त्याच नोटमध्ये प्लॉट पाचची. दोन्ही फोन नेटवर आले की एका नोटच्या दोन आवृत्त्या समोरासमोर उभ्या. मग काय होते ते अ‍ॅपवर अवलंबून. काही अ‍ॅप दोन्ही जोडून घेण्याचा प्रयत्न करतात. काही शेवटी आलेली ठेवतात आणि आधीची गुपचूप पुसतात. जॉप्लिन हे नोट्सचे अ‍ॅप सर्व्हरवरची आवृत्ती ठेवते आणि तुमच्या फोनवरची ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वहीत टाकते. ही वही एरवी दिसत नाही, वाद झाला तरच उगवते, त्यामुळे तिकडे कोणी बघत नाही आणि ‘नोंद गेली’ म्हणून बोंब होते.

म्हणून वर्षभराची एक लांबलचक नोट ठेवू नये. दर फवारणीला नवी नोट करावी आणि शीर्षकात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्लॉट लिहावा : ‘२०२६-११-०३ प्लॉट २’. नावाप्रमाणे लावली की यादी आपोआप तारखेने लागते, आणि दोघांनी एकाच वेळी लिहिले तरी दोन वेगळ्या नोट्स होतात, भांडण होत नाही. फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर असावी. काही अ‍ॅप कोणती आवृत्ती नवी हे फोनच्या घड्याळावरून ठरवतात. गेम खेळण्यासाठी मुलांनी तारीख पुढे ढकलली असेल तर जुनी नोट नवीच्या डोक्यावर बसते.

आपले अ‍ॅप खरोखर बॅकग्राउंडमध्ये सिंक करते का, हे तपासायला अर्धा-पाऊण तास पुरतो. आधी कॉम्प्युटरवर त्याच खात्याने अ‍ॅपची वेबसाइट किंवा प्रोग्रॅम उघडून ठेवा. फोन चार्जरवरून काढा, फ्लाइट मोड लावा, ‘चाचणी’ अशी नोट लिहून वेळ टाका आणि अ‍ॅपमधून बाहेर या. मग फ्लाइट मोड काढा, स्क्रीन बंद करा आणि फोन टेबलावर ठेवून द्या, हात लावू नका. अर्ध्या तासाने कॉम्प्युटरवर बघा. नोट आली असेल तर उत्तम. नसेल तर वर सांगितलेली सेटिंग करून हीच चाचणी पुन्हा घ्या. तरीही आली नाही तर त्या अ‍ॅपची रचनाच तशी आहे. ऑब्सिडियन आणि जॉप्लिन ही दोन्ही उत्तम अ‍ॅप आहेत, पण मोबाइलवर त्यांचे सिंक अ‍ॅप उघडे असतानाच भरवशाने चालते. त्यात लपवाछपवी नाही. वापरणाऱ्याला ते माहीत हवे एवढेच. चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही, म्हणून रात्री वायफायवर चार्ज होणाऱ्या फोनच्या नोट्स सकाळपर्यंत बऱ्याचदा आपोआप पोहोचलेल्या असतात. ‘काल आली नव्हती, आज आली’ हा चमत्कार त्यातलाच.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथे नोंदवतो. एका फोनवर नोट पुसली की पुसणेही सिंक होते आणि ती सगळीकडून जाते. कीपच्या ट्रॅशमध्ये ती ७ दिवस राहते, अ‍ॅपलच्या नोट्समध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. हिशेब किंवा फवारणीच्या नोंदी असतील तर महिन्यातून एकदा त्या फाइलच्या रूपात बाहेर काढून ठेवाव्यात. गुगलसाठी ‘टेकआउट’ आहे, बाकीच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘एक्स्पोर्ट’.

आपल्या शहरातही आता शेतकरी कंपन्या, पतसंस्था, कारखाने यांच्यासाठी नोंदींची अ‍ॅप बनवणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, पहिल्याच पडद्यावर ‘शेवटचे सिंक अमुक वाजता, पाठवायच्या बाकी तमुक नोंदी’ हे ठळक दिसले पाहिजे. नुसते फिरणारे चक्र किंवा ढगाचे चित्र बागेत उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काही सांगत नाही. दुसरी, सिंक फक्त दर १५ मिनिटांच्या पाळीवर सोडू नका. वापरणारा अ‍ॅपमधून बाहेर पडतो त्या क्षणी तातडीचे काम म्हणून ते सुरू करा; अँड्रॉइडमध्ये त्याची सोय आहे, आणि आयफोनवरही बाहेर पडल्यावर साधारण अर्धा मिनिट मागून घेता येते. ६ केबीच्या नोटला तेवढे पुष्कळ झाले. पाठवायचे बाकी असताना कोणी लॉगआउट करू लागला तर त्याला अडवून विचारा.

सिंहस्थही तोंडावर आहे. २०२७ च्या अमृतस्नानांच्या दिवशी रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकेश्वरात लाखो फोन मोजक्या टॉवरना चिकटतील, आणि वर सांगितलेली अर्धवट रेंजची अवस्था तेव्हा सगळीकडे असेल. हरवलेल्या व्यक्तींच्या याद्या, औषधांचा साठा, ड्युटीचे तक्ते स्वयंसेवक आणि कर्मचारी नोट्सच्या अ‍ॅपवरच ठेवणार. त्यांच्या प्रशिक्षणात फोनच्या बॅटरी सेटिंगसाठी दहा मिनिटे काढावीत, सामायिक एका यादीत सगळ्यांनी न लिहिता प्रत्येकाने आपली वेगळी नोट ठेवावी, आणि पाळी संपवून चांगल्या रेंजमध्ये आल्यावर अ‍ॅप उघडून ‘बाकी शून्य’ दिसल्याशिवाय फोन पुढच्या माणसाच्या हाती देऊ नये, एवढे तरी प्रशासनाने ठरवून द्यावे.

दिवाळीत फोन एक्स्चेंजला देणारेही खूप असतात. जुना फोन दुकानदाराने रिसेट करण्याआधी त्यातले नोट्सचे अ‍ॅप उघडा, आणि तीच शेवटची नोट नव्या फोनवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत जुना हातातून सोडू नका.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक